कोणाची डावी बाजू

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज डावं-उजवं विचारायला तुमच्याशिवाय कोणी सुचलं नाही. हसू नका. मी आता मुलुंडला फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते, नव्या मुलींना शिकवतेसुद्धा.

अंधेरीच्या कॉलेजातला तुमचा पहिला तास आठवतो. तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे, रिकामे हात दाखवल्यासारखे. माणूस पालथा झोपलेला असो नाहीतर खुर्चीत वेडावाकडा बसलेला, मनात त्याला आधी असं उभं करायचं आणि मगच बोलायचं. वर म्हणजे डोक्याकडे, पुढे म्हणजे पोटाकडे, आत म्हणजे अंगाच्या मधल्या रेषेकडे. हे पटलं होतं. घोळ झाला तो तोंडी परीक्षेत. टेबलावरच्या देहाच्या पायाशी उभी राहून मी यकृत दाखवलं आणि म्हणाले, डावीकडे. माझ्या डावीकडेच तर होतं ते, देहाच्या मात्र उजवीकडे. तुम्ही चष्मा काढलात. "तुझी डावी बाजू कोणी विचारली? तू या खोलीत नाहीसच असं समज." मी बाहेर येऊन रडले, आणि मग जन्मभर तशीच वागले. समोरच्याची डावी तीच डावी. आता तर डावी म्हटलं की हात आपोआप आडवा, समोरच्याच्या डावीकडे जातो.

गेल्या आठवड्यात सोनोग्राफी केली. डाव्या स्तनात, वरच्या बाहेरच्या भागात, घड्याळात दोन वाजतात तिथे, गाठ आहे म्हणतात. परवा सुईने तुकडा काढणार आहेत. आज दुपारी आरशासमोर उभी राहिले, समोरच्या बाईची डावी बाजू धरली, दोनची जागा शोधली, बोटं फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काहीच नाही. मला इतका आनंद झाला की मुलीला हाक मारून सांगितलं, रिपोर्ट चुकलाय, चहा टाक. ती दारात येऊन बघत राहिली. तिला यातलं काही कळत नाही.

"आई, ही तुझी उजवी ना?"

सर, मी आरशातल्या बाईला पेशंट समजले. आरशात आपलं डावं डावीकडेच दिसतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग मी कुठे उभी राहून बघत होते? तळवे पुढे करून उभं राहून पाहिलं, तरी ती बाई दुसरीच कोणी वाटते. मला भीती वाटतेय, एवढं कळतं. पण ती भीती तिची की माझी, इथेच डोकं चालेनासं होतं. तुम्ही म्हणाला होतात, तू खोलीत नाहीस. आता खोलीत दुसरं कोणीच नाही.

हे कुठे पाठवणार? मुलगी मघाशी विचारून गेली, डावीकडे बघितलंस का. मी म्हटलं, हो गं, डावीकडे बघितलं, लागली हाताला, बारीकशीच आहे. खरं सांगते सर, डावीकडे मी अजून हातच लावलेला नाही.