डिस्क कोरी पाहिजे

५ नोव्हेंबर

आलो एकदाचा! सोयगावहून सकाळच्या गाडीनं निघालो ते दुपारी उस्मानपुऱ्यात. पाठीवर बॅग अन् हातात मायची पिशवी, तिच्यात ठेच्याची बाटली, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. मी म्हणलं, माय, संभाजीनगरला चाललोय, चंद्रावर नाय. तर तिनं डोळ्याला पदर लावला. झालं! मलाच कसंतरी झालं.

खोली लई झकास. वरचा मजला, खिडकीत कडुलिंब, पंखा बिनआवाजाचा. घरमालकीण नीरजाकाकू एकट्याच असतात, आधी कॉलेजात शिकवायच्या. खोली त्यांच्या मुलाची, केयूरची. वाळूजला इंजिनिअर होता, दोन वर्षांमागं गेला. कसा गेला ते त्या बोलल्या नाय, मीही विचारलं नाय. उलट त्यांनीच मला उंची विचारली, चपलेचा नंबर विचारला. मी म्हणलं, काकू, भाडेकरू पाहिजे का जावई? हसल्या नाहीत. भाडं मात्र इतकं कमी सांगितलं की मी लगेच बॅग टेकवली.

उद्यापासून राजकुमारभाऊच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. ३० तारखेची सुट्टी आधीच मागून ठेवलीय. बहिणीचा, मोनिकाचा साखरपुडा आहे. बाप नाय, त्यामुळं पाहुण्यांत मलाच पुढं बसायचंय. मायनं तीन वेळा वदवून घेतलं, येशील ना? येतो गं बाई, येतो.

दुरुस्तीच्या कोर्सचे सर म्हणायचे, रोज लिहीत जा, बिघाड डोक्यात बसतो. म्हणून हे लिहितोय.

७ नोव्हेंबर

दुकानात एक चाचा लॅपटॉप घेऊन आले. सगळीकडं नक्को म्हणून परत पाठवलेला. मी उघडून बघितलं तर कीबोर्डखाली चहाचा चिखल. साफ केला, झाला चालू. चाचा म्हणले, हाथ में जादू है बेटे. राजकुमारभाऊनं ऐकलं ते बरं झालं.

संध्याकाळी काकूंनी माझ्या टेबलावरची चादर काढली. खाली केयूरचा कॉम्प्युटर. जुनी डिस्क मेलेली, नवी त्यांनी आणून ठेवलेली. नव्यावर सिस्टिम टाकून दे, सगळं होतं तसं झालं पाहिजे, म्हणल्या. मी म्हणलं, चहा ठेवा, उकळेपर्यंत करतो. त्यांनी पेनड्राइव्ह दिला, केयूरनंच बनवलेला. माझ्याकडचा वापरतो म्हणलं तर नाही म्हणल्या, अन् फार कडक म्हणल्या.

चहा उकळून गार झाला. सिस्टिम अर्ध्यावर जाते, निळा पडदा येतो अन् धाडकन बंद.

९ नोव्हेंबर

रविवार गेला त्या डब्यात. पुन्हा अर्ध्यावरच पडलं. काकू शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं. मग काय, मलाही चेव आला. मी समजावून सांगितलं की घाबरायचं नसतं, एकेक वस्तू काढत जायची. रॅमची पट्टी काढली, चालवून बघितलं. जास्तीची वायर काढली, चालवून बघितलं. जे काढल्यावर गाडी पुढं सरकते, तेच आडवं येत होतं समजायचं.

जुनी डिस्क तशीच ठेवली तर काय होतं, त्यांनी विचारलं. मी म्हणलं, आधी जुनं काढून घ्यायचं, नाहीतर नवं त्याच्यात घुसतं अन् दोन्हीची वाट लागते. आणि जिच्यावर टाकायचं तिच्यावर आधीचं काही असलं तर? पुसायचं, मी म्हणलं. डिस्क कोरी पाहिजे. बारकंसं काही राहिलं तरी मशीन पडतं.

दोनदा म्हणून घेतलं त्यांनी ते. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला मायची आठवण आली, खोटं कशाला लिहू.

१२ नोव्हेंबर

डिस्क दुकानात नेऊन तपासली. एकदम ठणठणीत. रॅम बदलून बघितली, पॉवरचा डबा बदलला. राजकुमारभाऊ म्हणले, सोड ना यार, भंगार है. पण मी असा सोडणारा नाय.

घरी आणून पुन्हा बसवली, सुरू करून खाली जेवायला गेलो. काकू हल्ली जेवूनच जा म्हणतात. वरणभात, मेतकूट, तूप. चौथा घास घेतला अन् डोळ्यापुढं सगळं निळं झालं. जाग आली तेव्हा फरशीवर होतो. काकू शांतपणे बसून होत्या. काही हरकत नाही, पुन्हा करू, असं म्हणल्या.

वर येऊन बघितलं तर मशीनही पडलेलं. उपाशीपोटी काम केलं की असं होतं.

१४ नोव्हेंबर

ठेच्याची बाटली गायब! चटणी पण. काकू म्हणल्या, खराब झालं होतं, टाकून दिलं. मायचा ठेचा खराब होतोय व्हय? लई राग आला. पण त्या इतक्या निवांत बघत होत्या की मी वर निघून आलो.

गंमत म्हणजे मशीन आज अर्ध्याच्या पुढं गेलं. मी काहीच बदललं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

फोन सापडत नाय. सगळी खोली उलटी केली. दुकानातून मायला लावावं म्हणलं तर नंबर आठवेना. दहा वर्षं तोच नंबर आहे तिचा! पहिले दोन आकडे येतात अन् पुढं नुसती खरखर.

दुकानात पण तमाशा झाला. गिऱ्हाइकाला मी म्हणालो, आपण कृपया थोडा वेळ बसून घ्या. राजकुमारभाऊ हसून हसून खाली पडायचे बाकी. म्हणले, प्रोफेसर कधी झालास? मीही हसलो. पण ते वाक्य मी बोललो नव्हतो. तोंड माझं होतं, एवढंच.

घरी आलो तर मशीन पाऊण झालेलं. पुन्हा पडलं. मीही पडलो, जिन्यात. कपाळ फुटलं. काकूंनी हळद लावली, अन् बघत होत्या कुठं तर पडद्याकडं.

१९ नोव्हेंबर

बसून विचार केला. ठेचा गेला, मशीन पुढं सरकलं. फोन गेला, आणखी सरकलं. माझी एकेक वस्तू काढतात अन् चालवून बघतात. हे त्यांना कुणी शिकवलं? मीच की! खुर्चीवर बसून, हातवारे करून, शहाण्यासारखं.

हसू येत होतं आधी. आता नाय येत.

२१ नोव्हेंबर

काकू भाजीला गेल्या तेव्हा कॉम्प्युटरचा डबा उघडला. पडद्यावर पट्टी सरकत होती, पंखा फिरत होता. आत डिस्क नाय. मी स्वतः बसवलेली डिस्क नाय! जागा रिकामी, वायर लोंबकळत होती.

खाली देवघरात गेलो. डिस्क तिथं, केयूरच्या फोटोपुढं, हळदीकुंकू लावून ठेवलेली.

मग ते भरतंय कुठं? इतके दिवस ते सगळं भरतंय कुठं?

मला वाळूजच्या कंपनीतल्या मशीनचा आवाज आठवला, तिथल्या कँटीनची आमटी आठवली. मी आयुष्यात वाळूजला गेलेलो नाय.

२२ नोव्हेंबर

पळालो. बॅग पण घेतली नाय, ही वही तेवढी शर्टात घातली. रिक्षानं स्टँडवर गेलो. आमच्या गावच्या फलाटावर गाडी लागलेली होती, चढलो, खिडकीशी बसलो. सुटलो म्हणून रडायलाच आलं.

कंडक्टरनं विचारलं, कुठं?

तोंड उघडलं, पण गावाचं नाव येईना. माझं गाव! शाळा दिसत होती, बाजार दिसत होता, आमच्या ओट्यावर बसलेली माय दिसत होती. नाव तेवढं नाय. मागची बाई हसली. कंडक्टर म्हणला, आठवल्यावर बसा राव, खोळंबा नका करू. गाडीवरची पाटी वाचायला खाली उतरलो. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. बाकीच्या सगळ्या पाट्या येत होत्या.

गाडी गेली. पाय आपोआप वळले. गल्लीतलं प्रत्येक वळण त्यांना लहानपणापासून ठाऊक असल्यागत.

काकू फाटकात उभी होती, हातात भाकरतुकडा घेऊन. माझ्यावरून ओवाळला अन् म्हणली, दमलास ना? चल आत.

२४ नोव्हेंबर

पडलो होतो बराच वेळ. उठलो तर कमरेला गार लागलं. करदोडा नाय.

मायनं बांधला होता. तान्हा होतो तेव्हापासून कमर कधी मोकळी ठेवली नाय तिनं. जुना झाला की आधी नवा बांधायची, मगच जुना सोडायची. करदोडा तोडतात तो फक्त मेल्यावर, सरणावर ठेवताना.

काकूच्या हातात कात्री होती. माझेच शब्द मलाच ऐकवले तिनं. बारकंसं काही राहिलं तरी पडतं रे.

पट्टी भरत आलीय. या वेळी पडली नाय.

मीही —

२५ नोव्हेंबर

माझं नाव सत्यम. मायचं नाव रत्नमाला. बहीण मोनिका. ३० तारखेला साखरपुडा. माझं नाव सत्यम. मायचं नाव रत्नमाला. बहीण —

३० तारखेला काहीतरी आहे. जायचंय. कुठं —

२६ नोव्हेंबर

नाव सत्य — पुढं एक अक्षर होतं —

मायचा चेहरा धरून ठेवलाय डोळे मिटून. उघडले की जाईल. आंधळ्यागत लिहितोय. ओळ वाकडी —

माय गं, लवकर ये —

२७ नोव्हेंबर

आज खूप बरे वाटते आहे. आईने सकाळी मेतकूट-भात केला होता. कॉम्प्युटर व्यवस्थित चालू झाला. आई रडत होती, आणि हसतही होती. दोन वर्षे झाली म्हणाली. कशाला, ते मला समजले नाही.

चष्मा कपाटातच सापडला. नंबर बरोबर आहे.

२९ नोव्हेंबर

परवा टेबलाच्या खणात मिळालेल्या या वहीची आधीची पाने आज पाहिली. अक्षर कोणाचे आहे कोण जाणे. आई म्हणाली, पूर्वीच्या भाडेकरूची असेल, संध्याकाळी जाळून टाकू. तोपर्यंत दोन ओळी लिहितो.

आताच दारात एक खेड्यातली बाई आली होती. सत्यम, सत्यम करत होती. आईने सांगितले, इथे असा कोणी राहत नाही, हा माझा मुलगा केयूर. तरी ती आत घुसली आणि तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. उद्या मोनिकाचा साखरपुडा आहे रे, पाहुणे यायलेत, असा का बघतोस, असे काहीबाही बोलत होती. मी तिचे हात बाजूला केले. म्हणालो, बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झाला आहे, आपण जा, नाहीतर पोलिसांना बोलवावे लागेल. ती खाली बसली. माझ्या पायांशी. आईने तिला उठवून बाहेर नेले. फार कसेसे झाले, पण अशा लोकांना थारा देऊ नये.

ती पायरीवर डबा विसरली. फेकण्याआधी उघडून पाहिला. धपाटे आहेत. मला असले तिखट चालत नाही. वास मात्र चांगला आहे. एक तुकडा

माय.

माय व्हय ती! माझी माय! माझ्या पायाशी बसली अन् मी — तिला पोलीस — माझ्या मायला —

खिडकीतून दिसतीय. गल्लीच्या टोकाला पोचलीय. पदर तोंडाला लावलाय. हाक मारतोय तर तोंडातून आई आई असंच निघतंय. मागं बघ ना! एकदा बघ —

जिन्यात पाय वाजले. काकू. काहीतरी राहिलं होतं वाटतं, असं म्हणतीय. डबा काढून घ्यायला —

माय, मी इथं वर —