राखीसोबत, होडीविषयी

दौलतदादाला शेवंतीचा नमस्कार.

आम्ही वर्तकनगरला मजेत आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे?

आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आलेली फायबरची होडी तुझी होडी ज्या कारखान्यात बनली तिथलीच, तिच्यासोबतच बनलेली. वरून चकचकीत. पण लेझरने तळ तापवला तेव्हा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात आतले थर सुटलेले दिसले.

हे फोनवर सांगितलं तर तू हसलास. "भित्री कुठली! दिवाळीत तूच ठोकून बघितलीस ना?" बघितली रे, आणि न कळता 'पक्की आहे' म्हणाले. तो शब्द मागे घेते.

राखी बांधून घे. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दे. पण सगळे मासेमारीला निघाले तरी, मी कॅमेरा घेऊन येईपर्यंत होडी पाण्यात घालू नकोस.

तुझी भित्री,
शेवंती