उन्हाची फट

प्रिय मुंगे,

आधी मी माझ्या हातांनी काय काय केलं ते लिहितो. बत्तीस मजल्यांचा मनोरा, टेबलावर ठेवला की माझ्या हनुवटीला लागेल एवढा. त्याच्या खिडक्यांच्या काचा धुऊन काढलेल्या एक्स-रे फिल्मच्या. वरच्या एका मजल्यावर नीट बघितलं तर कुणाची तरी बरगडी अजून दिसते. बाल्कन्यांचे कठडे तुझ्या आईच्या केसांच्या पिना सरळ करून. टेलिफोन खात्याची जुनी इमारत, गच्चीवरच्या गंजक्या टाकीसकट. आणि आपली अख्खी गल्ली, प्रत्येक घर वेगळं. सायकलवाल्याच्या दुकानाचं एका अंगाला झुकलेलं शटर, आपल्या स्वयंपाकघराची कधीच नीट न लागणारी खिडकी, नर्समावशींच्या पायरीवरच्या कुंड्या, त्यातली एक फुटकी. त्या फुटक्या कुंडीला माझी अख्खी सकाळ गेली होती. तुझी आई म्हणाली, "अहो, चांगली करा आणि मग फोडा ना." तसं होत नाही. एवढ्या लहान मापात वस्तू फुटत नाही, चुरगळते. फुटकी हवी असेल तर फुटकीच घडवावी लागते.

तुला हे माहीत आहे. पण आता तू दुसऱ्या शहरात, हाताखाली चार माणसं घेऊन बसतेस, म्हणून पुन्हा सांगतो. तुम्हा आर्किटेक्टांच्या धंद्यात मॉडेल करताना जी इमारत उभी राहायची ती नटवतात आणि आजूबाजूच्या वस्तीच्या जागी पांढरे ठोकळे चिकटवून मोकळे होतात. ना खिडकी, ना दार. बघणाऱ्याची नजर भलतीकडे जाऊ नये म्हणून. मी ते कधी केलं नाही. आठवीत शाळा सोडून मी बुटांच्या खोक्यांच्या कारखान्यात लागलो, पुठ्ठा कापायला तिथे शिकलो, बाकी सगळं स्वतः चुकत चुकत शिकलो. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाच्या मेहरबानीवर नाही. आणि कुणी न सांगता एक गोष्ट मला कळली. शेजार खोटा केला की मधली इमारतही खोटी दिसते. तू रांगत होतीस तेव्हा माझ्या टेबलाखाली पडलेले पुठ्ठ्याचे तुकडे एकेक करून पलंगाखाली नेऊन साठवायचीस. तिथे तुझं गाव होतं. म्हणून तर मुंगी. त्या गावातसुद्धा तू कधी दोन घरं सारखी ठेवली नाहीस, मी बघितलं आहे.

म्हणूनच छापखान्याच्या मोकळ्या प्लॉटवरच्या मनोऱ्याचं काम तुझ्याकडे आलं तेव्हा मला गल्लीची काळजी वाटली नव्हती. तू नकाशे घेऊन घरी आलीस, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरलेस आणि आईला भांडी खाली ठेवावी लागली. तुझी कल्पना मला बोलता बोलता समजली, आणि खरं सांगतो, मला ती सात जन्मांत सुचली नसती. खालचे चार मजले गल्लीच्या घरांच्याच उंचीचे, त्याच विटांच्या रंगाचे, रस्त्याकडे दारं उघडणारे. चालणाऱ्याला वाटावं की गल्लीच जरा पुढे गेली आहे. मग एक पाऊल मागे सरून वरचे मजले. आणि उंच भाग टेलिफोन इमारतीपासून मुद्दाम दूर, कारण त्या दोघांच्या मधल्या फटीतून हिवाळ्याचं ऊन गल्लीत उतरतं. बाकी सगळीकडून ते अडलेलंच आहे. "बाबा, इमारतीपेक्षा ही फट महत्त्वाची आहे," असं तू म्हणालीस. त्या दिवशी मी तुझ्या आईला म्हटलं, पोरगी माझ्यापुढे गेली. आई म्हणाली, "त्यात काय मोठंसं, तुमच्यापुढे शेजारची मांजरसुद्धा जाते."

शाळेच्या सभागृहात गल्लीची सभा झाली तेव्हा तू मंचावर होतीस, पण तुला पुढच्या रांगेपलीकडचं दिसत नव्हतं. मी मॉडेलपाशी उभा होतो. लोक भांडायच्या तयारीनेच आले होते. सायकलवाल्याने तर हरकतीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. पण मॉडेलपाशी आले की प्रत्येक जण आधी स्वतःचं घर शोधायचा. शोधायचा, सापडलं की हसायचा, आणि मग शेजाऱ्याला दंडाला धरून ओढून आणून दाखवायचा. मनोऱ्याकडे कुणी धड बघतच नव्हतं. मी वाकवलेल्या सळईला बॅटरी बांधून सूर्य केला होता. तो फिरवून मी सगळ्यांना हिवाळ्याची दुपार दाखवली. सावली गोदामांच्या पत्र्यांवरून सरकत गेली आणि फटीतून उजेडाची पट्टी नेमकी आपल्या गल्लीत पडली. नर्समावशी खाली वाकून वाकून त्यांची फुटकी कुंडी बघत होत्या. त्यांनी मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जो माझी फुटकी कुंडी विसरला नाही, तो माझं ऊन विसरेल होय?" सायकलवाल्याने तिथल्या तिथे अर्ज फाडला. तुझ्या मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी त्या दिवशी गल्लीला शब्द दिला, मुंगे. तोंडाने नाही, बॅटरीने.

त्यानंतर मनोरा नऊ मीटर सरकला. का, ते तूच फोनवर सांगितलंस. मागच्या बाजूच्या फ्लॅटना कोपऱ्यातून तळं दिसावं म्हणून. तळं दिसलं की भाव चढतो. उंच भाग टेलिफोन इमारतीकडे सरकला, मागे घेतलेलं पाऊल भरून टाकलं, आणि जागा कमी पडली म्हणून तळघरात गाड्या नेणारा उतार मागच्या रस्त्याऐवजी गल्लीत उघडला. हरकतीची मुदत तोवर संपलेली होती. हरकत घ्यायला उरलंच होतं कोण? नव्या नकाशांवर सही तुझी होती. तू म्हणालीस, "बाबा, नऊ मीटरच तर आहेत." माझ्या मॉडेलमध्ये ते साडेचार सेंटिमीटर होतात. करंगळीपेक्षा कमी. एवढ्यात ती फट बुजते. तुझी आई म्हणते, पत्रातही टोमणे मारू नका. मी टोमणे मारत नाहीये, माप सांगतोय.

इमारत उभी राहिली तरी गल्लीत मला कुणी शिवी दिली नाही, हेच जड जातं. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. सायकलवाला आधी "काय इंजिनियर" म्हणून हाक मारायचा. आता पंक्चर काढता काढता वर न बघता विचारतो, "काय, ऊन कसंय आज?" त्याच्या दुकानात भर दुपारी दिवा लागतो. आपल्या खोलीतल्या पुठ्ठ्याला ओल येते, कडा फुगतात, सरळ कापला जात नाही. मी टेबल खिडकीशी नेलं, मग दाराशी, आता सरळ बाहेर नेऊन काम करावं लागतं. एकदा मी त्या इमारतीच्या खालच्या दालनात गेलो. माझं मॉडेल तिथे काचेच्या पेटीत ठेवलं आहे, फ्लॅट घ्यायला येणाऱ्यांना दाखवायला. कुणीतरी मनोरा तळापासून कापून पुढे चिकटवला आहे. गोंद बाहेर आला आहे, आणि जुन्या जागेचं भोक झाकायला तिथे स्पंजची झाडं खोचली आहेत. झाडं इतकी मोठी की दहाव्या मजल्यापर्यंत जातील. नर्समावशींची पायरी तशीच आहे, कुंड्यांसकट, तिच्यासमोर गाड्यांचा उतार. मी पहारेकऱ्याला म्हटलं, हे काम माझं आहे, ती झाडं तरी मापात करू द्या. तो म्हणाला, "काका, हात नका लावू, काच मळते."

माझं मॉडेल चुकीचं नव्हतं. इमारत चुकीची बांधली आहे. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आता नर्समावशींचं. तू मागे फोनवर त्यांची चौकशी केलीस तेव्हा आईने विषय बदलला. मीच तिला तसं सांगितलं होतं. तुझ्या गुडघ्यावरची ती आडवी खूण त्यांच्या टाक्यांची आहे. तू रडायचीस आणि त्या म्हणायच्या, "रड, रड, पण पाय हलवू नकोस." त्यांच्या सांध्यांना ऊन लागायचं, औषधासारखं. पायरीवरचं ऊन गेल्यावर त्यांनी खुर्ची समोरच्या भिंतीशी नेली. तिथलं गेल्यावर सायकलवाल्याच्या कोपऱ्यावर. शेवटी गल्लीत उन्हाचा एकच तुकडा उरला, तोही तासाभराचा, तो उताराच्या तोंडाशी पडतो. त्या रोज तिथे जाऊन बसायच्या. आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं. त्या म्हणायच्या, "गाडीवाल्यांना डोळे दिलेत ना देवाने?" उतारावरून वर येणाऱ्या गाडीला समोर फक्त आकाश दिसतं, मुंगे. खुर्ची दिसत नाही. गाडी जोरात नव्हती, चालवणारा मुलगा बिचारा नंतर हमसून हमसून रडला. मावशींचं कमरेचं हाड मोडलं.

त्या ज्या इस्पितळात जन्मभर राबल्या तिथेच त्यांना ठेवलं होतं. मी भेटायला जायचो. त्यांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही, खोकेवाल्या म्हणायच्या. शेवटच्या भेटीत मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "खोकेवाल्या, तुझ्या बॅटरीतला सूर्य बरा होता रे." आणि हसल्या. रागाने म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. नंतर छातीत कफ साठला, आणि महिना उलटायच्या आत त्या गेल्या. त्यांना मागे-पुढे कुणी नव्हतं. गल्लीनेच सगळं केलं. सायकलवाल्याने खांदा दिला, पुढे तो, मागे मी. सबंध वाटेत त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. कुंड्या तुझ्या आईने आपल्याकडे आणल्या आहेत. त्यांत काही जगत नाही.

हे सगळं मी तुझ्यावर ढकलण्यासाठी लिहीत नाहीये. तुझ्यावर वरून काय दाब आला असेल ते मी न विचारताही समजतो. सही केली नसतीस तर दुसऱ्या कुणी केली असती, असं तू आईला म्हणालीस, आणि ते खरंही असेल. फक्त दुसऱ्या कुणी केली असती तर फट माझ्या मुलीने ठेवली होती, बुजवली दुसऱ्यांनी, असं मी आज लोकांना सांगू शकलो असतो.

पत्र आजच लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात तुझे मोठे साहेब घरी आले होते. माझ्या कामाच्या खुर्चीत बसले, आईच्या हातचा चहा घेतला, खोलीत दिवा का लावला आहे असं विचारलं. मी त्यांना काय उत्तर दिलं ते त्यांच्याकडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं. नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत तुमचे दोन मनोरे व्हायचे आहेत, काम तुझ्या हाती आहे, आणि पुढच्या महिन्यात तिथे लोकांची सभा आहे. त्यांना मॉडेल माझ्याच हातचं हवं आहे, घराघरासकट, कुंड्यांसकट, फिरत्या सूर्यासकट. म्हणाले, लोकांना स्वतःचं घर दिसलं की ते हरकत विसरतात, बाकी जागा काय, नंतर थोडी इकडेतिकडे होतेच. मॉडेल माझ्याकडूनच करून घ्यायची ही कल्पना तुझी आहे, असंही ते कौतुकाने म्हणाले. माझ्याशिवाय ती सभा अवघड जाईल आणि तुझ्या बढतीचंही त्यावर अडलं आहे, हे त्यांनी जाता जाता दारात सांगितलं. मी दारातच नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी भाव करतोय, म्हणून त्यांनी मॉडेलच्या पाटीवर माझं नाव घालायचं आणि रक्कम निम्मी आगाऊ द्यायचं कबूल केलं. मी पुन्हा नाही म्हटलं. रक्कम बावीस लाख होती.

तुझाच,
बाबा