उसण, सलाम नव्हे

मुक्काम शेगाव, कापसाचा ऐन हंगाम

तीर्थस्वरूप मामासाहेबांचे चरणी जावई वामन याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीतीप्रमाणे लिहिले. आठांपैकी मान आणि उजवा हात एवढीच अंगे सध्या माझ्या हुकमात आहेत, बाकीची आपण समजून घ्यावीत.) आपली प्रकृती कशी आहे? सासूबाईंचे गुडघे थंडीत फार बोलत नाहीत ना? चि. सौ. शालू संक्रांतीला म्हणून आपल्याकडे आली ती अजून तिकडेच आहे, तेव्हा तिची खुशाली मी विचारायची की आपण कळवायची, हे समजत नाही.

इथे दर्शनाला आलेल्या आपल्या दुसरबीडच्या कुणीतरी आपल्या कानावर घातले म्हणे की, दवाखान्यातला तुमचा कंपाउंडर जावई गोऱ्या साहेबापुढे बुटाला नाक लागेपर्यंत वाकला. त्यावर आपण भर ओसरीवर म्हणालात, "ज्याची कंबर साहेबापुढं मोडते, त्याच्या घरी माही पोरगी जाणार नाही." आपण खादी वापरता, जंगल सत्याग्रहात गवत कापून तुरुंगात जाऊन आलात. आपला संताप मला शिरसावंद्य आहे. पण मामासाहेब, कंबर साहेबापुढे मोडली नाही. साहेब यायच्या आधीच मोडली होती. घडले ते सगळे लिहितो.

हंगामात आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर ताप-खोकल्याला जागा नसते. जीनप्रेसमधले हमाल रुईच्या गाठी वाहून पाठ धरून येतात, सरकी काढणाऱ्या रेच्यावर कापूस घालणाऱ्या बाया उभ्या राहून राहून पोटऱ्या चोळत येतात, कुणाची मान उजवीकडे वळत नाही, कुणाची डावीकडे. (अशा दोघांना शेजारी बसवले तर ते सबंध दिवस एकमेकांकडे पाठ करून बोलतात.) आमचे डॉक्टर चिंचोळकर सर्वांना एकच औषध सांगतात, विश्रांती. ती आमच्या कपाटात नसल्यामुळे मी टर्पेंटाइनचे तेल चोळून देतो. चोळून चोळून संध्याकाळी माझेच मनगट मला ओळख देत नाही. माझ्या अंगाला असा वास येतो की, देवळात माझ्या आजूबाजूला आपोआप मोकळी जागा होते.

सिव्हिल सर्जन साहेबांची तपासणी होती त्या सकाळी जीनप्रेसचा मुकादम रहेमतुल्ला बैलबंडीत घालून कडूबाला घेऊन आला. कडूबा हा वरवट बकालचा हमाल, देहाने दरवाजाएवढा. गाठ उचलताना उसण भरली आणि तो विळ्यासारखा वाकडा झाला तो झालाच. डॉक्टर आतून ओरडले, उतरवा त्याला. रहेमतुल्लाने पाय धरले, मी बगला. उतरताना कडूबा घाबरला आणि त्याने माझ्या गळ्याला मिठी घातली. तेव्हा कट् असा आवाज झाला. कुणाचा ते क्षणभर कुणालाच कळले नाही. मग कडूबा हळूहळू सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "अवो बाबूजी, मले तं सुटल्यासारखं वाटून राह्यलं!" मी मात्र होतो तिथेच, जमिनीकडे तोंड करून.

तेवढ्यात मोटार आली.

मला दिसले ते फक्त साहेबांचे बूट. ते माझ्यापुढे थांबले. मी उठायला गेलो की कळ यायची आणि मी आणखी खाली जायचो. साहेब बाजूला सरले, मी कळ चुकवायला तिकडेच फिरलो. ते पुन्हा सरले, मी पुन्हा फिरलो. रहेमतुल्ला कानाशी म्हणाला, "बस करो बाबूजी, हो गया सलाम!" रस्त्यावर गांधीटोपीवाली मंडळी जमली होती. त्यांतून कुणीतरी खणखणीत 'वंदे मातरम्' म्हटले. मी ओरडलो, "उसण भरली हो!" पण जमिनीकडे तोंड करून बोललेले लांब जात नाही. साहेब प्रसन्न. रोग्यांसाठी त्यांनी सल्ला दिला की, रोज गरम पाण्याच्या टबात पडून राहावे. कडूबाने विचारले, "टब म्हंजे काय असते?" डॉक्टरांनी हात पसरून दाखवला. कडूबा म्हणाला, एवढ्या पाण्यात तर आमची सारी आळी न्हाते.

मला त्याच बंडीत घालून घरी आणले. उतरवायला कडूबाच होता. दुपारी तो परत गाठी उचलायला गेला. विश्रांती घे म्हटले तर हसला.

शेजारच्या कौशल्याबाई पायाळू. जन्मताना पाय आधी आले म्हणून त्यांच्या लाथेने उसण जाते, अशी आळीची श्रद्धा. (डॉक्टरांची नाही. पण तेही दाराआडून बघत होते.) मला भिंतीशी टेकवून बाईंनी अशी लाथ घातली की, त्यांच्या मनात माझ्याविषयी आधीचे काही असावे. कंबरेची कळ खांद्यात गेली. दुसरीला मी नको म्हटले.

तर मामासाहेब, वाकलो ते एका हमालाच्या ओझ्याने, सरकारच्या नव्हे. एवढे ध्यानी घेऊन राग सोडावा. सासूबाईंना नमस्कार. कळावे, लोभ आहे तो रागावूनही कमी करू नये.

आपला वाकडा पण निष्ठावंत,
वामन

ता. क. शालूही पायाळू आहे, असे लग्नात सासूबाईंनीच मोठ्या अभिमानाने सांगितले होते. घरचे औषध असताना शेजारणीच्या लाथा खाणे बरे दिसत नाही. लाथ मारायला का होईना, तिला पाठवावे.

ता. क. दुसरा. असा अदबशीर माणूस जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात हवा, अशी शिफारस साहेब करून गेले आहेत. मी अजून हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही.

ता. क. तिसरा, फक्त आपल्यासाठी. कंबर परवाच सुटली. आज आडाचे पाणी मीच ओढले. पण घरात दोन माणसांचा स्वयंपाक होऊन जातो आणि जेवायला मी एकटाच असतो. शालूला मात्र मी वाकलेलाच आहे असे सांगावे. मग ती आपल्या परवानगीला थांबायची नाही.