डावा खांदा आणि बायकोचं हसू

३ जानेवारी, सकाळी ७.१०
शर्टाचं वरचं बटण हा आजपासून माझा जाहीर शत्रू. डावा हात वर जात नाही आणि उजव्याला एकट्याने ते लागत नाही. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण एका हाताने लागणारं बटण काही शोधून काढू शकला नाही. हे बायकोला ऐकवलं. हसली नाही. ओठ आवळून, पाय जुळवून ताठ उभी. गेली कित्येक वर्षं हेच. ऑफिसात माझ्या हाताखालची पाचही माणसं माझ्या विनोदांवर टेबल बडवतात.

५ जानेवारी
फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, खांदा गोठलाय. डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत न्यायची, थांबतील तिथे पेन्सिलने खूण. रोज. संकल्प: दोन महिन्यांत छत. बायकोनेही तिथेच नाव घातलं. 'बायकांचं काहीतरी' म्हणाली. मी खोलात गेलो नाही. सभ्यता म्हणतात ती हीच.

६ जानेवारी
पहिली खूण नाकापाशी. दुखलं. उद्या दुप्पट.

७ जानेवारी
खांद्यालाही सुट्टी हवी.

२० जानेवारी
बायको स्वयंपाकघरातून दहापर्यंत मोठ्याने मोजते, मी इथे व्यायाम करतो. म्हणजे पेपर वाचतो आणि शेवटी उजव्या हाताने खूण करतो. याला खोटं म्हणत नाहीत. खांदा पुढे पोचणारच आहे, आधी जागा धरून ठेवली.

१९ फेब्रुवारी
क्लिनिकच्या बाकावर बसलो होतो. पडद्याआडून हसणं. माझ्या बायकोचं! खळखळून, धाप लागेपर्यंत. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणे, "काही नाही हो, त्यांना तुमचं ते बटणाचं सांगितलं."
माझाच विनोद! माझ्यासमोर दगड, आणि परक्या बाईपुढे माझ्याच मालावर हशा. बावीस वर्षांच्या संसाराचं हे फळ. दगा.

२० फेब्रुवारी
अबोला धरला. तिच्या लक्षात आला नाही.

१० मार्च
दुसरा दगा. बायकोने कौतुकाने भिंतीचा फोटो बाईंना दाखवला. खुणा पंख्याच्या दिशेने निघालेल्या. बाई म्हणाल्या, हात वर करा. नाकापाशी थांबला. "काका, भिंत बरी झाली. खांदा राहिला." (काका!) बायको खुर्ची धरून हसली.
घरी येताना विचारलंच, माझ्या विनोदांवर का हसत नाहीस? म्हणाली, "धाकटी झाल्यापासून हसलं, शिंकलं की कपडे ओले व्हायचे. तुम्ही तोंड उघडलंत की मी आधी आवळून घ्यायचे. बाई म्हणाल्या, खालचे स्नायू सैल पडलेत, व्यायामाने सुधारतात. आता बरंच थांबलंय."
म्हटलं, मला सांगायचंस. म्हणाली, "तुम्ही ऑफिसात सांगितलं असतंत."
पुढचं सगळं अंतर मी दुकानांच्या पाट्या वाचल्या.

११ मार्च
रात्रभर विचार केला, आनंद झाला. म्हणजे माझे विनोद इतके जबरदस्त, की बाईमाणसाला इतकी वर्षं आवळून धरावं लागलं! आता ती मोकळी. चहाला तीन खास विनोद सांगितले. तिने बिस्किट बुडवून खाल्लं. विचारलं, आवळलंस का?
"नाही हो. गरजच पडली नाही."

१२ मार्च, सकाळी ७.१०
खोडरबराने खुणा पुसल्या. नाकापाशीची ठेवली. ती चटईवर पडून तिचा व्यायाम करत होती. दहा सेकंद आवळायचं, मग सोडायचं, श्वास रोखायचा नाही. मोजायला गेलं की श्वास अडकतो म्हणाली. शेजारी बसलो. एक ते दहा मोजलं. दहा वेळा. मध्येच एक विनोद सुचला होता.
गिळला.