शेंदूर लावलेला हद्दीचा दगड

भिलाई, मार्गशीर्षातला गुरुवार, १९८६

आज पटवारी येऊन आपल्या प्लॉटचं सीमांकन करून गेला. घेतला तेव्हा विकणाऱ्यानं नुसता पावलांनी मोजून दिला होता. त्याच दिवशी कोपऱ्यातल्या दगडाला मी कुंकू लावलं, माहेरी बाबा शेताच्या धुऱ्याच्या, बांधावरच्या दगडाला लावत तसं. पण इथं येणारे-जाणारे त्याला शेंदूर फासू लागले, नारळ फोडू लागले. दगडाचा देवच झाला.

आज मोजणीची साखळी धरली तर तो दगड शेजारच्या साहूबाईंच्या जागेत दोन हात आत. मजूर हात लावेना. साहूबाईच म्हणाल्या, "रहन दे दीदी, देवता ला कोन हटाही?" देवाला हलवायचं नाही, भिंत त्या दगडापलीकडून, स्वतःच्या जागेत आत सरकून घालतील म्हणे.

हे हसले, "तुह्या देवानं जागा देऊन टाकली ना वो आपल्याले."

मला हसू येईना. देवाच्या नावानं दुसऱ्याची जमीन घ्यायची? बाबा नांगरताना धुऱ्याशी एक तास, नांगराची एक ओळ, सोडून बैल वळवत. मी भाकरी घेऊन गेले की विचारायची, "कावून सोडता, बाबा?" ते म्हणत, "त्याच्याबी घरी लेकरं आहेत, बाई." ती ओली माती, बैलांच्या घंटा... किती वर्षं झाली.

आरतीनंतर मीच गेले. नमस्कार करून दगड उचलला आणि पटवाऱ्याच्या खुंटीशी ठेवला. साहूबाई घाबरल्या, "पाप लागही, दीदी." म्हटलं, "लागलं तर मले लागन. तुम्ही भिंत आपल्या हद्दीवर घाला."

बाबा असते तर आज त्यांना पोस्टकार्ड टाकलं असतं.