दाढ, पोहे आणि बदलापूरचं स्थळ

सोम. ८ फेब्रु. १९५४
डावीकडची खालची अक्कलदाढ पुन्हा ठणकायला लागली. लवंगतेल झालं, ओव्याचा शेक झाला. कारखान्यात दिवसभर हजेरीबुकावर गाल टेकून. टाइमकीपरच असा, तर बाकीच्यांनी काय करावं.
संध्याकाळी मामा आले. बदलापूरचं स्थळ आणलंय. मुलगी कुसुम, तिथल्याच शाळेत शिकवते, वडील पोस्टातून रिटायर. त्यांना अण्णा म्हणतात. एकवीसला, रविवारी, बघायला जायचं. आईने लगेच हातावर साखर ठेवली. उजव्या बाजूने खाल्ली.

गुरु. ११ फेब्रु.
सायकलने उल्हासनगर कॅम्प. दाताचे डॉक्टर कराचीहून आलेले, दवाखाना बराकीत, खुर्ची मात्र पायाने वरखाली होणारी, साहेबी. "टेढ़ी है साईं, निकालनी पड़ेगी. आज ही बैठ जाओ." म्हटलं, कामावर जायचंय. साफ खोटं, रजा टाकून गेलो होतो. भित्रा तो भित्रा.

बुध. १७ फेब्रु.
पाण्याचा घोटही सोसेना. आई : "अरे वसंता, मुलीसमोर कण्हत बसणार आहेस का?" उद्या जातोच.

गुरु. १८ फेब्रु.
काढली! सुईचं काय ते दुखलं. पुढे नुसता करकर आवाज, सुतार दार बसवतो तसा. तीन टाके. एवढ्यासाठी दहा दिवस जीव मुठीत धरून बसलो होतो, स्वतःचीच लाज वाटली.
डॉ.चे हुकूम : थुंकायचं नाही, गरम नाही, चार दिवस चावायचं नाही. रविवारी मुलगी बघायला जायचंय म्हणून खुणेने सांगितलं, तर पोट धरून हसले. "तो आठ दिन पहले क्यों भागा?" परत टांग्यातून आलो, सायकल टांगेवाल्याशेजारी.

शुक्र. १९ फेब्रु.
गाल केवढा सुजलाय. तोंड बोटभरही उघडत नाही. पेज, ताक, साय. शेजारच्या काकू दारातून : "लिंबू ठेवलंय होय रे गालात?" हसवू नका म्हणून हात जोडले.
आई म्हणते तारीख पुढे ढकलू. मामा ऐकेनात. "पुढे ढकललं की नकार समजतात. आणि दाढेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. लग्नाआधीच मुलाची दुखणी, असं होईल. मी सांभाळतो." मामा 'मी सांभाळतो' म्हणाले की आमच्याकडे काहीतरी सांडतंच.

रवि. २१ फेब्रु.
बदलापूर. घर कौलारू, अंगण सारवलेलं. गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसलो, फेब्रुवारीत. अण्णा उंच, मिशा पांढऱ्या, माझ्या गालाकडेच बघत होते.
ती आली. पोहे दिले. काय सांगू. बघितलं आणि दाढच काय, सगळंच विसरलो. निळं पातळ, बोटांना खडूचा पांढरेपणा राहिलेला. अण्णा म्हणाले, "विचारा काही." मी मान हलवली. नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा मान. ती हसू दाबत म्हणाली, "मग मी विचारू? आज मौनाचं व्रत आहे का?" मामाच बोलले, मुलगा मितभाषी आहे. मी? शाळेत बडबडीपायी रोज बाकावर उभा असायचो.
पोह्यांना हात लावला नाही तर अपमान, म्हणून एक घास घेतला. खोबऱ्याचा तुकडा टाक्यावर बसला, तोंडात रक्त. उठून मागीलदारी गेलो, कढीपत्त्याच्या बुडाशी थुंकलो. वळून बघतो तर अण्णा तांब्या घेऊन उभे. तांब्या पायरीवर ठेवून आत गेले. मी तोंड धुतलं.
येताना गाडीत मामा खूश. मीही खूश. मला हीच मुलगी हवी. दुसरी दाखवूच नका म्हणावं.

मंगळ. २३ फेब्रु.
नकार. मामा उंबऱ्यातच बसले. अण्णांचं म्हणणं : मुलगा मुलगी बघायला आला तोही गालात तंबाखूचा बार भरून. तोंड उघडायची सोय नाही म्हणून गप्प. वर मागीलदारी लाल पिचकारी मारली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.
मामांनी तेव्हा कुठे दाढेचं सांगितलं. अण्णा : "आता सुचलं होय?"
आईचा नुसता संताप. "माझ्या मुलाने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही." मला आधी हसू फुटलं, टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. मग कळलं की ते पाणी टाक्यांचं नाही. आईनेही ओळखलं. मऊ आटवल भात कालवून पुढे ठेवला.

शुक्र. २६ फेब्रु.
टाके काढले. सगळी हकीकत डॉ.ना सांगितली. हसत हसत इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली : या इसमाचे दात मी तपासले, तंबाखूचा डाग कुठेही नाही, दाढ अमुक तारखेला काढली. खाली सही, शिक्का. "शादी में बुलाना, साईं."
मामा म्हणतात, चिठ्ठी पोस्टाने पाठवू. नको. स्वतः जाणार. एकटा. तुम्ही सांभाळू नका.

रवि. २८ फेब्रु.
गेलो. अण्णांना नमस्कार केला, चिठ्ठी पुढे केली. चष्मा लावून दोनदा वाचली. मग आतून बॅटरी आणली. "आ करा."
अंगणात, भर उन्हात, बॅटरी. जबडा अजून आखडलेला, तरी बळ लावून उघडला. अण्णा वाकून वाकून बघतायत, इकडची बाजू, तिकडची बाजू, भोकसुद्धा. दारातून कुसुम : "अण्णा, बैल घेताय का?" अण्णांनी बॅटरी विझवली. मिशीतल्या मिशीत हसले असावेत, नक्की सांगता येत नाही. "दात चांगले आहेत," म्हणाले. "तिला विचारून कळवतो."
मी एक भाषण पाठ करून गेलो होतो. पण एवढा वेळ आ करून जबडा असा धरला की शब्द निघेना. नमस्कार करून निघालो. ती दारातच उभी होती. मी चार वेळा मागे पाहिलं. पाचव्यांदाही.

बुध. ३ मार्च, महाशिवरात्र
आमच्या शंकराच्या देवळापाशी जत्रा, पाय ठेवायला जागा नाही. उपासाचं रताळं दोन्ही बाजूंनी चावून खाल्लं, केवढं सुख. पत्र नाही. आई म्हणते शंकराला सांग. सांगितलं. तीन दिवसांत पोस्टमन दिसला की मीच आडवा जातोय.

शुक्र. ५ मार्च
पत्र! अण्णांचं अक्षर, टपोरं. उतरवून ठेवतो :
'चि. कुसुमचे म्हणणे असे की, मुलाचे तोंड आतून पाहून झाले, आता बोलणे ऐकू द्यावे. दोनदा घरी आले, एक शब्द कानी पडला नाही. होय-नाही ती त्यानंतरच सांगेल. तरी रविवारी आम्ही उभयता तिला घेऊन आपल्याकडे येत आहोत.'
आईला वाचून दाखवलं. मग पुन्हा. मग काकूंना. कारखान्यात गेटवरच्या दरवानालासुद्धा सांगितलं. घरी आल्यापासून, तिने हे विचारलं तर असं सांगेन, ते विचारलं तर तसं, चाललंय. आई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "वसंता, रविवारसाठी काही शिल्लक ठेव रे."